ॲलन कीज : ओबामांसमोर उभे राहिलेले ‘नेहमीचे’ उमेदवार कोण होते आणि काय मागत होते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : “२००४ मध्ये इलिनॉयमध्ये सेनेटच्या निवडणुकीत ओबामांनी ज्यांना हरवलं ते ॲलन कीज कधीकाळी मुंबईत नोकरीला होते म्हणतात, ते खरं का? त्यांना सगळे ‘दरवेळी उभे राहणारे उमेदवार’ म्हणतात. मग एवढ्या मोठ्या पक्षाने त्यांना तिकीट दिलंच कसं? आणि त्यांचा कार्यक्रम नेमका होता तरी काय?”

मुंबईचं खरं आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो. कीज १९७९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतले तरुण अधिकारी म्हणून मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये होते. तेव्हा ते कार्यालय ब्रीच कँडीला भुलाभाई देसाई रस्त्यावर लिंकन हाऊसमध्ये होतं. व्हिसासाठी तिथल्या फुटपाथवर पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले बरेच वाचक इथे असतील. भारतातच त्यांची जोसलीन मार्सेल यांच्याशी ओळख झाली. त्या मूळच्या कोलकात्याच्या. १९८१ मध्ये दोघांचं लग्न झालं. मुंबईनंतर कीज यांची बदली झिंबाब्वेला झाली.

आता माझ्याबद्दल एक वाक्य, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. पंचवीसेक वर्षं मी उमेदवारांची पार्श्वभूमी तपासण्याचं आणि निकालांचे आकडे सोडवण्याचं काम करतो, बहुतेक महाराष्ट्रातल्या मतदारसंघांचं. २००४ च्या त्या उन्हाळ्यात आणि पानगळीच्या दिवसांत मात्र मी शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहत होतो. मत द्यायचा हक्क नव्हता, पण ती निवडणूक मी अगदी जवळून पाहिली.

आपल्याकडे दरवेळी उभा राहणारा उमेदवार म्हटलं की ‘धरतीपकड’ आठवतात. बरेलीचे काका जोगिंदरसिंग धरतीपकड यांनी तीनशेच्या आसपास निवडणुका लढवल्या. १९९२ मध्ये ते थेट राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि मतमूल्याच्या हिशोबात १,१३५ मतं मिळवून गेले. डिपॉझिट जप्त होणार हे त्यांना अर्ज भरतानाच ठाऊक असायचं. कीज यांना या रांगेत बसवलं की पहिलीच चूक होते. सेनेटच्या तिन्ही लढतींत ते रिपब्लिकन पक्षाचे अधिकृत उमेदवार होते, म्हणजे आपल्या भाषेत एबी फॉर्म त्यांच्या हातात होता. १९८८ ला मेरीलँडमध्ये ३८ टक्के, १९९२ ला तिथेच २९ टक्के आणि २००४ ला इलिनॉयमध्ये २७ टक्के मतं त्यांना मिळाली. एकषष्ठांश मतांचा आपला नियम लावला तर एकदाही डिपॉझिट गेलं नसतं. त्याखेरीज १९९६, २००० आणि २००८ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रयत्न केले. पैकी २००० मध्ये आयोवा राज्यातल्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षांतर्गत निवडीच्या मतदानात, ते बुश आणि फोर्ब्स यांच्यामागे तिसरे आले, १४ टक्के मतं घेऊन. ही हौशी माणसाची कामगिरी नव्हे.

शिक्षण आणि नोकरीची नोंद पाहिली तर तो फरक आणखी ठळक होतो. जन्म १९५० चा, न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंडचा. वडील सैन्यात होते, त्यामुळे लहानपण बदल्यांमध्ये गेलं, काही काळ इटलीतही. कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९६९ मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथली एक इमारत ताब्यात घेतली. कीज स्वतः कृष्णवर्णीय, तरीही त्यांनी त्या आंदोलनाला उघड विरोध केला. त्यातून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यांनी कॉर्नेल सोडलं. पुढे हार्वर्डमधून पदवी आणि १९७९ मध्ये तिथूनच पीएच.डी. घेतली. प्रबंध अलेक्झांडर हॅमिल्टन आणि राज्यघटनेच्या सिद्धांतावर होता. रेगन यांनी १९८३ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेवर राजदूत नेमलं, तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. १९८५ ते १९८७ ते सहायक परराष्ट्रमंत्री होते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादू नयेत, ही रेगन सरकारची बाजू त्या काळात त्यांनी जगासमोर मांडली. एका कृष्णवर्णीय अमेरिकी अधिकाऱ्यासाठी ही किती एकाकी जागा असेल, याचा विचार करून पाहा. समाजातल्या बहुसंख्यांच्या विरुद्ध बाजूला एकटं उभं राहायची सवय त्यांना अठराव्या वर्षीच लागली होती. पुढच्या सगळ्या राजकारणाची किल्ली मला तिथे दिसते.

तिकिटाचा प्रश्न आता. पार्श्वभूमी तपासताना मी उमेदवाराचं शिक्षण पाहण्याच्या आधी तिकीट *कसं* मिळालं ते पाहतो. कीज यांना तीनपैकी दोन तिकिटं रिकाम्या जागेवर मिळाली. १९८८ मध्ये मेरीलँडमध्ये प्राथमिक फेरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, जिंकलेल्या रिपब्लिकन उमेदवाराने माघार घेतली, मग पक्षाने कीज यांना गळ घातली. समोर पॉल सार्बेन्स, बारा वर्षं सेनेटमध्ये मुरलेले. २००४ मध्ये इलिनॉयमध्ये पुन्हा तेच झालं. जॅक रायन यांनी प्राथमिक फेरी जिंकली होती. त्यांच्या घटस्फोटाची कागदपत्रं न्यायालयाने खुली केली, त्यातून गदारोळ उठला आणि जूनच्या अखेरीस ते बाजूला झाले. त्याआधी राज्यातला पक्ष खिळखिळा झालेलाच होता. माजी गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्यावर डिसेंबर २००३ मध्ये भ्रष्टाचाराचं आरोपपत्र दाखल झालं होतं, आणि ज्यांची जागा होती त्या सेनेटर पीटर फिट्झजेराल्ड यांनी पुन्हा उभं राहायलाच नकार दिला होता. फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक माइक डिटका यांना विचारून झालं, तेही नाही म्हणाले. दरम्यान २७ जुलैला बॉस्टनमध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनात ओबामांचं ते भाषण झालं आणि राज्याच्या सेनेटमधला एक आमदार रातोरात देशभर पोचला. अशा उमेदवारासमोर उडी घ्यायला घरचं कोणी तयार होईना. शेवटी राज्य समितीने मेरीलँडच्या कीज यांना बोलावलं. ८ ऑगस्टला त्यांनी होकार दिला. मतदान २ नोव्हेंबरला होतं, हातात ८६ दिवस. सेनेटच्या इतिहासात दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ.

परराज्यातला माणूस चालतो का? अमेरिकेच्या राज्यघटनेची अट एवढीच, की निवडून येताना तो त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे. आपल्याकडे राज्यसभेसाठी ती अट २००३ मध्ये काढूनच टाकली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर खटल्यात तो बदल वैध ठरवला. कीज यांनी शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट सिटीत भाड्याने जागा घेतली आणि कायद्याची अट पूर्ण केली. अडचण कायद्यापेक्षा वेगळी होती. २००० मध्ये हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधून उभ्या राहिल्या तेव्हा कीज यांनी टीव्हीवर त्यांच्यावर कडक टीका केली होती : ज्या राज्यात आपण राहत नाही तिथल्या लोकांचे प्रतिनिधी म्हणवून घेणं म्हणजे संघराज्याची मोडतोड, आणि मी स्वतः असं करणार नाही, अशा आशयाची. चार वर्षांनी ती चित्रफीत इलिनॉयमध्ये पुन्हा पुन्हा वाजली. अमेरिकेत अशा उमेदवाराला ‘कार्पेटबॅगर’ म्हणतात. यादवी युद्धानंतर गालिच्याच्या कापडाच्या पिशव्या घेऊन दक्षिणेत उतरलेल्या उत्तरेकडच्या लोकांवरून तो शब्द आला. आपण ‘आयात उमेदवार’ म्हणतो, तेच. कीज यांचं उत्तर असं की राष्ट्राच्या पायाभूत तत्त्वांवर घाला येत असेल तर राज्याची सीमा आड येऊ नये. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं, पण पुरेसं नाही. ज्या तत्त्वावर तुम्ही दुसऱ्याला दोष देता तेच तत्त्व स्वतःपुरतं बाजूला ठेवायचं असेल तर मतदाराला त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि ८६ दिवसांत तो नव्हता.

आता कार्यक्रम. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण कीज यांच्याबद्दल लिहिताना लोक त्यांची दोन-तीन भडक वाक्यं देतात आणि पुढे जातात. त्या सगळ्या मागण्यांच्या तळाशी एकच वाक्य आहे, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं : सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत आणि त्यांचे हक्क निर्मात्याने दिलेले आहेत. कीज यांचं म्हणणं, हक्क जर सरकारने दिलेले नाहीत तर सरकारला, न्यायालयाला किंवा बहुमताला ते काढूनही घेता येत नाहीत. एकदा हे मान्य केलं की बाकीचं त्यांना आपोआप येत होतं. गर्भ हा माणूस आहे, तेव्हा गर्भपाताला मुभा नाही. विवाह सरकारच्या आधीपासून आहे, तेव्हा समलिंगी विवाहाला मान्यता नाही. मूल आईवडिलांचं आहे, तेव्हा शाळा निवडायचा हक्क आणि त्यामागचा पैसा पालकांकडे द्यावा. बंदूक बाळगण्याचा हक्क नागरिकाचा. इराकच्या युद्धाला पाठिंबा. ओबामांचा त्या युद्धाला सुरुवातीपासून विरोध होता.

यातल्या दोन मागण्या मराठी वाचकाला समजावून सांगण्यासारख्या आहेत. पहिली, राज्यघटनेची सतरावी दुरुस्ती रद्द करावी. १९१३ पर्यंत अमेरिकेत सेनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत असत, जसे आपले आमदार राज्यसभेवर खासदार पाठवतात, साधारण तसंच. सतराव्या दुरुस्तीने ती निवड थेट जनतेकडे आली. कीज यांना जुनी पद्धत परत हवी होती, कारण सेनेटर राज्याला बांधील राहिला तरच केंद्राच्या सत्तेला लगाम बसेल असं त्यांचं मत. विचार बिनबुडाचा नाही, आपल्याकडेही राज्यसभा नेमकी कुणाची प्रतिनिधी यावर वाद होतातच. पण जनतेकडे मत मागायला आलेला माणूस ‘हे मत द्यायचा तुमचा हक्क काढून घ्यायला हवा’ असं सांगतो, तेव्हा सभेतला माणूस क्षणभर थबकतो. त्याच १९१३ सालच्या सोळाव्या दुरुस्तीने केंद्रीय प्राप्तिकर आला होता. तोही कीज यांना नको होता. त्याऐवजी वस्तू विकत घेताना द्यायचा राष्ट्रीय विक्रीकर त्यांना हवा होता.

दुसरी मागणी गुलामगिरीच्या भरपाईची. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी मांडलं की गुलामांच्या वंशजांना एक-दोन पिढ्यांसाठी केंद्रीय प्राप्तिकरातून सूट द्यावी. भरपाईचा मुद्दा सहसा डाव्या बाजूकडून येतो. कट्टर उजव्या उमेदवाराने तो मांडला म्हणून त्याचेच पाठीराखे बुचकळ्यात पडले, आणि कृष्णवर्णीय मतदार तर ओबामांकडे आधीच गेले होते. मला मात्र ही मागणी त्यांच्या बाकीच्या विचाराशी सुसंगत वाटते. अन्यायाची फेड सरकारने पैसे वाटून करू नये, कर न घेऊन करावी, अशी त्यामागची मांडणी होती.

इलिनॉय ही लिंकनची भूमी आहे हे कीज यांना सतत जाणवत होतं. १८५८ मध्ये लिंकन आणि स्टीफन डग्लस यांनी याच राज्यात सेनेटच्या जागेसाठी सात जाहीर वादचर्चा केल्या. गुलामगिरीवर. तेव्हा निवड विधिमंडळ करत असल्यामुळे डग्लस जिंकले, पण दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन झाले. कीज स्वतःला त्या परंपरेत पाहत. गर्भपाताबाबत ओबामांची भूमिका ही गुलाममालकाची भूमिका आहे, असं ते जाहीरपणे म्हणाले. नंतर, येशू ख्रिस्ताने ओबामांना मत दिलं नसतं, असंही म्हणाले. रिपब्लिकन अधिवेशनाच्या वेळी एका मुलाखतीत समलिंगी संबंधांना त्यांनी स्वार्थी भोगवाद म्हटलं आणि तो शब्द उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्या मुलीलाही लागू केला. स्वतःच्या पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षाची मुलगी! त्यानंतर पक्षातले पुढारी त्यांच्या शेजारी उभं राहायला कचरू लागले. मलाही ते शब्द दुखावणारे वाटले. कुणाच्या लेकीबाळीवर असं बोलून एखादं तत्त्व सिद्ध होत नाही.

ऑक्टोबरमध्ये तीन वादचर्चा झाल्या. पहिली रेडिओवर होती, ती मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून पूर्ण ऐकली. इतकं सांगतो, की वादपटू म्हणून कीज कमी नव्हते. वाक्यावर वाक्य रचत ते असा युक्तिवाद बांधत की त्यातली एक वीटही सहज निघू नये. ओबामा अडखळतात असं काही वेळा वाटलं. पण प्रश्न नोकऱ्यांचा असो की आरोग्य विम्याचा, कीज फिरून नैतिक पायावर येत. ओबामा त्यांना शांतपणे सांगत राहिले, की मी इलिनॉयचा सेनेटर व्हायला उभा आहे, इलिनॉयचा धर्मोपदेशक व्हायला नाही. माझ्या शेजारच्या घरासमोर त्या महिन्यात हिरवळीवर दोन पाट्या होत्या, एक बुश यांची आणि एक ओबामांची. मी चकित होऊन विचारलं तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “मला सेनेटर हवाय. प्रवचन मी रविवारी ऐकतो.”

ती दोन पाट्यांची गोष्ट आकड्यांतही सापडते. उमेदवाराला किती टक्के मतं पडली यापेक्षा त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर त्याच्या पक्षाच्या मोठ्या नेत्याला किती पडली ते मी बघतो. लोकसभा-विधानसभा एकत्र होते तेव्हा आपल्याकडेही ही मोजणी करता येते. १९८८ मध्ये मेरीलँड थोरल्या बुश यांनी ५१ टक्के घेऊन जिंकलं, कीज ३८ वर राहिले. १९९२ मध्ये बुश ३५ टक्क्यांच्या थोडं वर, कीज २९. तेव्हा समोर बार्बरा मिकुल्स्की होत्या, मेरीलँडमध्ये त्यांना हरवणं कुणालाच जमलं नसतं. २००४ मध्ये इलिनॉयमध्ये धाकट्या बुश यांना साडेचव्वेचाळीस टक्के, म्हणजे २३ लाख ४० हजारांहून अधिक मतं पडली. कीज यांना १३ लाख ९० हजार. साडेनऊ लाख मतांची ही तूट एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमधली आहे, आणि ती आयात असण्याने, शब्दांच्या धारेने आणि ओबामांच्या ओढीने मिळून पडली. ओबामांना जवळपास ३६ लाख, ७० टक्के. इलिनॉयच्या सेनेट निवडणुकांत एवढं अंतर आधी कधी पडलं नव्हतं.

तूट बघितली की ‘डमी उमेदवार होता का’ या शंकेचंही उत्तर मिळतं. डमी उमेदवार मतविभागणीसाठी किंवा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून उभा केला जातो. कीज यांना पक्षाने रिकामी जागा भरायला बोलावलं खरं, पण ते जिंकायला किंवा पराभवाची इज्जत राखायला आले नव्हते. ते साक्ष द्यायला आले होते. राज्य समितीतल्या ज्यांना वाटलं की निदान कट्टर मतदार घराबाहेर काढतील, त्यांचा अंदाज चुकला. चूक कीज यांची नव्हती. पंधरा वर्षं ते हेच बोलत होते, कोणीही ऐकू शकलं असतं.

एका जागी मी त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. १९९२ च्या मोहिमेत त्यांनी प्रचारनिधीतून स्वतःला दरमहा साडेआठ हजार डॉलरच्या आसपास पगार घेतला. तेव्हा त्यावर झोड उठली, आणि दरवेळी उभं राहणं हाच धंदा झालाय असा संशय तिथून चिकटला. कायदा त्या वेळी याबाबत धूसर होता. २००२ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने मर्यादा घालून उमेदवाराला प्रचारनिधीतून पगार घ्यायची परवानगी दिली, आणि त्यामागचा विचार मला पटतो, नाहीतर नोकरदार माणूस निवडणूक लढवूच शकणार नाही. पण नियम नसताना देणगीदाराला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. छोट्या देणग्या देणारी माणसं आपल्या घरखर्चातून पैसे काढतात.

निकालाच्या रात्री कीज यांनी ओबामांना अभिनंदनाचा फोन केला नाही. जे आपण मनापासून चूक मानतो त्याच्या विजयाबद्दल अभिनंदन करणं खोटेपणा ठरेल, असं त्यांनी नंतर सांगितलं. २००८ मध्ये रिपब्लिकन प्राथमिक फेरीत जम बसला नाही, तेव्हा त्यांनी पक्ष सोडला आणि कॉन्स्टिट्यूशन पार्टी या छोट्या उजव्या पक्षाकडे उमेदवारी मागितली. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात तिथेही चक बाल्डविन यांच्याकडून हरले. शेवटी एका नव्या छोट्या पक्षातर्फे ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. देशभरात सुमारे ४७ हजार मतं, त्यातली बहुतेक कॅलिफोर्नियातली. त्याच निवडणुकीत जिंकलेले ओबामा जन्माने अमेरिकी नागरिक आहेत का, या त्यांच्या पात्रतेलाच कीज यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात आव्हान दिलं आणि तो दावा फेटाळला गेला. त्या दाव्याला मी त्यांच्या विचाराचा भाग मानत नाही. हॅमिल्टनवर प्रबंध लिहिलेल्या माणसाने त्यावर सही केली याचं मला आजही वाईट वाटतं.